रंग आला नाही, असंच लिही

आमच्या लॅबमध्ये खिडकीच्या गजापासून कपाटाच्या कडीपर्यंत एक सुतळी बांधलेली आहे. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिच्यावर फिल्टर पेपरचे चौकोनी तुकडे चिमट्यांनी लटकायला लागतात. प्रत्येक तुकड्याच्या कोपऱ्यात पेन्सिलने रोल नंबर लिहिलेला, बाकी कागद कोरा. बारावीची मुलं आत येतात, आधी त्या कोऱ्या कागदांकडे बघतात, मग माझ्याकडे.

आदल्या तासाला मी प्रत्येकाला पाच मिनिटं मूठ घट्ट मिटून बसायला लावलेलं असतं. तळवा जरा घामेजला की अंगठा कागदावर टेकवायचा आणि उचलायचा. शाई नाही, पावडर नाही. मुलांना वाटतं मॅडम काहीतरी विसरल्या.

मग मी निनहायड्रिन नावाचं रसायन, अर्धा ग्रॅम, १०० मिली ॲसिटोनमध्ये विरघळवलेलं असतं, ते हातमोजे घालून, सगळ्या खिडक्या उघडून, कागदांवर फवारते. ॲसिटोन पूर्ण उडून जाईपर्यंत थांबते. इथे घाई करायची नाही, ॲसिटोन भसकन पेट घेतं आणि पुढची पायरी इस्त्रीची आहे. इस्त्री माझ्या घरची. टेबलावर वर्तमानपत्राची जाड घडी, तिच्यावर तो तुकडा, वर आणखी एक साधा कागद आणि त्याच्यावरून हलक्या हाताने मध्यम तापलेली इस्त्री. मामा, म्हणजे आमचे लॅबमधले शिपाई, शेजारी पातेल्यात पाणी उकळत ठेवतात, कारण या रंगाला थोडी वाफ लागते. परभणी जिल्ह्यातल्या डिसेंबरच्या हवेत ओल शोधून सापडत नाही.

वरचा कागद उचलला की पहिल्यांदा फिकट गुलाबी सावली दिसते. बघता बघता ती जांभळी होते आणि तिच्यातून रेषा वर येतात, एकात एक वळलेल्या, अंगठ्याच्या. या क्षणी वर्गात जो आवाज होतो तो मी गेली एकोणीस वर्षं ऐकते आहे. ज्याचा कागद आहे तो मुलगा आधी कागदाकडे बघतो आणि मग स्वतःचा अंगठा उलटा करून डोळ्यांजवळ नेतो. प्रत्येक जण हेच करतो. कुणालाही सांगावं लागत नाही.

तुमच्या घामात अमिनो आम्लं असतात, म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात ते तुकडे, त्यांत सेरीन सगळ्यांत जास्त, हे मी त्यानंतर सांगते. आधी सांगितलं असतं तर ते वहीत गेलं असतं. आता ते अंगठ्यात जातं.

बारावीच्या रसायनशास्त्रात जैवरेणूंचा धडा आहे. त्यात अमिनो आम्लं, पेप्टाइड बंध, प्रथिनांच्या रचना, सगळं इंग्रजीतून. आमच्याकडे येणारी निम्म्याहून जास्त मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. अकरावीत त्यांच्यावर एकदम ‘कार्बोक्झिलिक’ आणि ‘झ्विटरआयन’ येऊन आदळतं आणि हुशार मुलं गप्प होतात. मला त्या गप्प होण्याची भीती वाटते. रंगाच्या चाचण्यांवर मी धड्याला दिलेल्या तासांपेक्षा कितीतरी जास्त वेळ घालवते, त्याचं कारण हे. जांभळा रंग बघायला इंग्रजी लागत नाही.

निनहायड्रिनचं एक वैशिष्ट्य मी मुलांना हजेरीवरून समजावते. प्रथिनांत वीसेक वेगवेगळी अमिनो आम्लं आहेत, पण त्यांतल्या बहुतेकांशी निनहायड्रिन एकच जांभळा रंग देतं. का? कारण त्या जांभळ्या रंगद्रव्यात अमिनो आम्लाचा फक्त नायट्रोजन जातो. बाकी सांगाडा बाहेर पडतो, कार्बन डायऑक्साइड वेगळा, अल्डिहाइड वेगळं. म्हणजे निनहायड्रिन वर्गाच्या दारात उभं राहून विचारतं, “आत कोणी आहे का?” आतून “आहे” एवढंच उत्तर येतं. कोण आहे, हे त्याला कळत नाही. एक प्रोलीन मात्र निराळं. त्याचा नायट्रोजन अणूंच्या कड्यात अडकलेला असतो, म्हणून ते पिवळा रंग देतं. सगळे “हजर” म्हणत असताना एकटाच “प्रेझेंट” म्हणावा तसं.

सिगफ्रीड रूहेमान या केंब्रिजमधल्या रसायनशास्त्रज्ञाने १९१० साली हे संयुग बनवलं आणि त्याचा त्वचेवर, अमिनो आम्लांवर पडणारा रंग पाहिला. त्या जांभळ्याला आजही ‘रूहेमानचा जांभळा’ म्हणतात. पण हा रंग बोटांचे ठसे शोधायला वापरता येईल, हे सुचायला १९५४ साल उजाडावं लागलं. ओडेन आणि फॉन हॉफ्स्टेन या दोघांनी तेव्हा ते मांडलं. मधली चव्वेचाळीस वर्षं प्रयोगशाळेत काम करणाऱ्या किती लोकांची बोटं जांभळी झाली असतील, आणि किती जणांनी ती नुसती साबणाने घासली असतील.

आता मला माझी एक गोष्ट सांगायची आहे. हा लेख लिहायला बसले ते तिच्यासाठीच.

मी पदवीला होते तेव्हा आम्हाला अंड्याच्या पांढऱ्या बलकावर बाययुरेट चाचणी होती, म्हणजे प्रथिन ओळखायची रंगाची चाचणी. बलक पाण्यात कालवून गाळलेला, त्यात कॉस्टिक सोड्याचं द्रावण आणि वरून मोरचुदाचं पाणी. जांभळा रंग यायला हवा होता. माझ्या टेस्ट ट्यूबमध्ये निळा आला. स्वच्छ निळा. मी पुन्हा केलं, पुन्हा निळा. शेजारच्या मुलीकडे जांभळा होता. मी टेस्ट ट्यूब घेऊन सरांकडे गेले. त्यांनी ती हातात न घेताच सांगितलं की रंग जांभळा लिही, पुस्तकात जांभळा आहे, पुढच्या प्रयोगाला लाग. मी जर्नलमध्ये ‘जांभळा रंग आला’ असं लिहिलं. खाली सही मिळाली. दहापैकी नऊ.

ते नऊ गुण मला कधी आपले वाटले नाहीत. त्या ओळीवरून जर्नल उघडायचं मी टाळायचे. चूक माझी होती की अंड्याची की बाटलीतल्या द्रावणाची, हे मला कोणी सांगितलं नाही आणि पुन्हा विचारायचं धैर्य माझ्यात नव्हतं.

उत्तर मिळालं ते शिक्षिका झाल्यावर दुसऱ्या वर्षी. एका मुलाच्या टेस्ट ट्यूबमध्ये अगदी तसाच निळा आला. या वेळी मी ती हातात घेतली, उजेडाकडे धरली. मग त्याला पुन्हा करायला लावलं आणि शेजारी उभी राहिले. त्याने ड्रॉपर अर्धा भरून मोरचुदाचं पाणी ओतलं. मी त्याचा हात धरला. नवीन ट्यूब घेतली, तेवढंच बलकाचं पाणी, तेवढंच कॉस्टिक, आणि मोरचुदाचा एकच थेंब. हलवलं. जांभळा. दुसरा थेंब, आणखी गडद. मग तिसरा, चौथा, पाचवा टाकत गेलो आणि आमच्या डोळ्यांसमोर जांभळा निळ्यात बुडून गेला. रंग होताच. माझ्याही ट्यूबमध्ये तो असणार. मी त्याच्यावर निळा ओतला होता.

त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये मला रडू आलं. कारण सांगितलं तर कुणाला पटणार नाही, पण खरंच आलं.

तेव्हापासून आमच्या लॅबमध्ये एक नियम आहे. रंग आला नाही तर ‘रंग आला नाही’ असंच लिहायचं. गुण कापले जात नाहीत. उलट, का आला नाही याचा अंदाज लिहिला तर एक गुण जास्त.

बाययुरेट हे नावही मुलांना कोड्यात टाकतं, म्हणून ते मी युरियापासून सुरू करते. आमच्या भागात युरियाचं पोतं ज्याच्या घरी नाही असा मुलगा क्वचित. चिमूटभर युरिया कोरड्या टेस्ट ट्यूबमध्ये घेऊन मंद ज्योतीवर तापवायचा. तो आधी वितळतो, १३३ अंशांच्या आसपास, मग फसफसतो आणि अमोनियाचा झणका नाकात जातो. तोंडाशी ओला लाल लिटमस धरला तर निळा होतो. युरियाचे दोन रेणू एक अमोनिया सोडून एकमेकांना चिकटले की बाययुरेट तयार होतं. ट्यूब थंड झाली की उरलेला पांढरा थर पाण्यात विरघळवायचा, कॉस्टिक घालायचं, मोरचुदाचा एक थेंब. जांभळा! अंड्याचा संबंध नाही, दुधाचा नाही, आणि तरी तोच रंग.

मग मुलांपैकी कोणीतरी विचारतंच, “मॅडम, म्हणजे युरियात प्रोटीन आहे का?” हा प्रश्न आला की मला बरं वाटतं. नाही, युरियात प्रथिन नाही. प्रथिनाच्या साखळीत जो बंध पुन्हा पुन्हा येतो, तसल्याच ठेवणीचे दोन बंध बाययुरेटमध्ये आहेत. मोरचुदातल्या तांब्याला तेवढं पुरतं. ते त्या नायट्रोजनांच्या मधे जाऊन बसतं आणि जांभळं होतं. चाचणीला प्रथिन कळत नाही, तिला फक्त ते बंध कळतात.

आणि म्हणूनच सुट्ट्या अमिनो आम्लाला ही चाचणी जांभळा देत नाही. ग्लायसीनची ट्यूब मी मुद्दाम शेजारी ठेवते. ग्लायसीनने निनहायड्रिनला गडद जांभळा दिलेला असतो, आणि बाययुरेटला ती ट्यूब निळीच राहते. जांभळा यायला तसे, म्हणजे पेप्टाइड, बंध निदान दोन लागतात. अमिनो आम्लं म्हणजे सुट्टे मणी आणि प्रथिन म्हणजे त्यांची ओवलेली माळ, यांतला फरक आहे हा. परीक्षेत यावर मुलं हमखास चुकतात, कारण ‘अमिनो आम्लाची चाचणी’ आणि ‘प्रथिनाची चाचणी’ हे गाइडमध्ये एकाच पानावर खाली-वर छापलेलं असतं.

शेतकऱ्याच्या पोरांना यातली आणखी एक गोष्ट लगेच समजते. खताच्या युरियात बाययुरेट जास्त असेल तर पानं करपतात, फवारणीत तर फारच. म्हणून पोत्यावरच्या खतात त्याला वरची मर्यादा घालून दिलेली असते. आणि मोरचूद तर त्यांच्या ओळखीचाच, मोसंबीच्या बागेतल्या बोर्डो मिश्रणामुळे.

सुट्टे मणी आणि माळ यांचा फरक मटकीवर सगळ्यांत छान दिसतो. एका वाटीत कोरड्या मटकीचं पीठ पाण्यात कालवून गाळलेलं, दुसऱ्या वाटीत मोड आलेली मटकी वाटून गाळलेली. वजन सारखं, पाणी सारखं. निनहायड्रिनचे तेवढेच थेंब घालून उकळत्या पाण्यात दोन्ही ट्यूब उभ्या केल्या की मोडांची ट्यूब आधी जांभळी होते आणि जास्त गडद होते. बी रुजताना साठवलेलं प्रथिन तोडून कोंबाला वापरायला देतं. त्या तोडलेल्या मण्यांचा हा रंग.

जिथे प्रथिन नाही अशी ट्यूबही हवी. त्यासाठी साबुदाणा. उपासाच्या खिचडीतला साबुदाणा सगळ्या चाचण्यांना जवळजवळ गप्प राहतो, आणि त्याच खिचडीतला शेंगदाणा वाटून गाळला की बाययुरेटला जांभळा देतो. एक मुलगी म्हणाली होती, “म्हणजे आमची आई कूट जास्त टाकती ते बरोबरंय.” अगदी बरोबर आहे.

पिवळ्या रंगाची चाचणी, झँथोप्रोटीक, मी एकटीच करते. तीव्र नायट्रिक आम्ल मुलांच्या हातात द्यायचं नाही, यावर माझं कुणाशीही बोलणं होऊ शकत नाही. मुलं दोन हात लांब, माझ्या डोळ्यांवर चष्मा. बलकात थेंब पडले की आधी पांढरा साका होतो, तापवला की पिवळा, थंड करून जपून अमोनिया घातला की नारिंगी. टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लांच्या कड्यांवर नायट्रो गट बसतो त्याचा हा रंग. फेनिलॲलनिनकडेही कडं आहे, पण ते इतक्या सहज हलत नाही. सराफ्यात ज्यांचं जाणं-येणं आहे अशा मुलांना मी विचारते, तेजाब वापरणाऱ्या कारागिराची बोटं पाहिलीत का? पिवळी असतात. धुऊन जात नाहीत, कारण तो डाग नसतो. त्याच्या कातडीच्या प्रथिनाचीच ती चाचणी झालेली असते.

गंधकाच्या चाचणीला आम्ही घोंगडीचा धागा वापरतो. मामांच्या घरी जुनी काळी घोंगडी आहे, पण काळ्यावर काळं दिसणार नाही म्हणून ते कुणाकडून तरी पांढऱ्या लोकरीचा पिळा आणतात. एका ट्यूबमध्ये लोकर, दुसरीत कापूस. दोन्हीत कॉस्टिक सोडा घालून उकळायचं. लोकर हळूहळू विरघळते, कापूस तसाच राहतो. मग लेड ॲसिटेटचे दोन थेंब. लोकरीची ट्यूब तपकिरी होते, मग काळी. कापसाची पांढरीच. लोकरीतल्या सिस्टीन या अमिनो आम्लातलं गंधक सुटून शिशाला मिळतं. कापूस म्हणजे सेल्युलोज, त्याच्याकडे द्यायला गंधकच नाही. मराठवाड्यातल्या पोरांनी कापूस वेचलेला असतो, बोंडाचे काटे बोटांत घेतलेले असतात. तो कापूस एवढा ठामपणे पांढरा राहिलेला बघून त्यांना तो नव्याने कळतो. शिशाचं द्रावण बेसिनमध्ये ओतायचं नाही, वेगळ्या बरणीत जमा करायचं, ही आमची सवय.

मिलॉनची चाचणी मी करत नाही. टायरोसिनला ती सुंदर विटकरी लाल रंग देते, पण त्यात पारा आहे. पंधरा मिनिटांच्या लाल रंगासाठी मुलांच्या श्वासात पारा नको.

राहिली ती वलयाची चाचणी. हीच माझी सगळ्यांत लाडकी, आणि तिच्यामागची गोष्ट मी दर वर्षी सांगते.

आदामकीविच नावाच्या शास्त्रज्ञाने १८७४ मध्ये दाखवलं होतं की प्रथिनात ग्लेशियल ॲसेटिक आम्ल आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल घातलं की जांभळा रंग येतो. पुढे पंचवीस वर्षं सगळीकडे विद्यार्थी ती चाचणी करत राहिले. मग केंब्रिजमध्ये फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांच्या प्रात्यक्षिकाच्या वर्गात ती चाचणी आलीच नाही. रंग नाही! हॉपकिन्स यांच्याजागी दुसरं कोणी असतं तर ‘जांभळा लिहा’ म्हणून पुढे गेलं असतं. त्यांनी ॲसेटिक आम्लाची बाटली तपासली. आम्ल खराब नव्हतं. उलट ते फार शुद्ध होतं. रंग आणत होती ती इतर बाटल्यांतली भेसळ, ग्लायऑक्सिलिक आम्ल. आणि ते ग्लायऑक्सिलिक आम्ल प्रथिनातल्या कशाशी रंग देतं, हे शोधत हॉपकिन्स आणि सिडनी कोल १९०१ मध्ये एका तोवर कुणी वेगळं न काढलेल्या अमिनो आम्लापर्यंत पोचले. ट्रिप्टोफॅन. हॉपकिन्स यांना पुढे १९२९ साली नोबेल मिळालं, ते जीवनसत्त्वांच्या कामासाठी. पण मला विचाराल तर ते मोठे झाले त्या न आलेल्या रंगाच्या दिवशी.

ग्लायऑक्सिलिक आम्ल आम्ही लॅबमध्येच बनवतो. ऑक्झॅलिक आम्लाच्या द्रावणात मॅग्नेशियमची पूड थोडी थोडी घालत, ट्यूब थंड पाण्यात धरून, मग गाळून. ते नमुन्यात मिसळायचं आणि ट्यूब तिरकी धरून काठाकाठाने तीव्र सल्फ्युरिक आम्ल सोडायचं, हेही मीच. जड आम्ल खाली बसतं आणि दोन थरांच्या मधे जांभळं वलय धरतं. हलवायचं नाही. बोटाने दाखवायचं फक्त.

तीन वर्षांपूर्वी या चाचणीला मी चार नमुने ठेवले होते. अंड्याचा पांढरा बलक, दूध, तुरीच्या डाळीचं गाळलेलं पाणी आणि चौथं जिलेटिन. जिलेटिन म्हणजे औषधाच्या मुदत संपलेल्या पारदर्शक कॅप्सूल, आतली पूड काढून कोमट पाण्यात विरघळवलेल्या. आधी सगळ्यांची बाययुरेट केली होती आणि जिलेटिनने झकास जांभळा दिला होता. म्हणजे प्रथिन नक्की. मुलांनी चौघांच्याही रकान्यात वलय यायच्या आधीच ‘पॉझिटिव्ह’ लिहून टाकलं होतं. मला ते पाठीमागून दिसत होतं.

मी आम्ल सोडलं. बलकात वलय, दुधात वलय, डाळीत जरा फिकट पण वलय. जिलेटिनमध्ये काहीच नाही. वर पारदर्शक, खाली पारदर्शक, मधे नुसती दोन पाण्यांची शीव.

वर्ग शांत झाला. मागून एक मुलगी म्हणाली, “मॅडम, ह्याच्यात कामून येईना?” आणि तिच्या वहीत मी पाहिलं, ती एकटीच अशी होती जिने आधी काही लिहिलेलं नव्हतं. आता तिने लिहिलं, नो रिंग. दोन शब्द. खाली रेघ मारली.

“तुला काय वाटतं?” मी विचारलं.

ती खूप वेळ ट्यूबकडे बघत राहिली. मग म्हणाली, “ह्याच्यात ते नसंल. ट्रिप्टोफॅन.”

जिलेटिनमध्ये ट्रिप्टोफॅन नसतंच. प्रथिन आहे, माळ आहे, पण एक मणी पूर्ण गैरहजर. मी त्या मुलीला फळ्यापाशी बोलावलं आणि तिच्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

त्या तासाला मग आम्ही धड्यातून बाहेरच गेलो. एक मणी नसला तर काय बिघडतं? हॉपकिन्स आणि एडिथ विलकॉक यांनी १९०६ मध्ये हेच उंदरांवर पाहिलं. मक्यातलं झेइन हे प्रथिन, त्यातही ट्रिप्टोफॅन नाही. नुसत्या झेइनवर ठेवलेले उंदीर खंगून मेले, ट्रिप्टोफॅन घातलं तर ते जास्त जगले. पोट भरलेलं होतं आणि तरी. ट्रिप्टोफॅनपासून आपलं शरीर नायसिन हे जीवनसत्त्वही थोडं बनवतं, साधारण ६० मिलिग्रॅमला एक मिलिग्रॅम. नायसिन कमी पडलं की पेलाग्रा होतो, उन्हात उघड्या राहणाऱ्या मानेवर, हातांवर कातडी काळवंडून खरखरीत होते. मका खाणाऱ्या गरीब माणसांचा तो रोग म्हणून जगभर माहीत होता. दख्खनच्या पठारावर तो ज्वारी खाणाऱ्यांतही दिसत होता. हैदराबादला राष्ट्रीय पोषण संस्था आहे, तिथल्या डॉ. सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात या रोगाचा संबंध ज्वारीत जास्त असलेल्या ल्युसीन या अमिनो आम्लाशी जोडला. एक मणी जास्त झाला तर दुसऱ्याचं काम अडतं, असं त्यांचं म्हणणं.

ज्वारीचं नाव निघालं तसा वर्ग जागा झाला. बाहेर शेतांत हुरडा आलेला, घरोघरी भाकरी. एक जण जरा रागावूनच म्हणाला, “मॅडम, म्हणजे भाकरी वाईट?” भाकरी वाईट नाही. एकटी भाकरी अपुरी. ज्वारीत लायसीन कमी, तुरीच्या डाळीत ते भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ती उणीव धान्य भरून काढतं. ज्यांच्या ताटात भाकरीबरोबर वरण होतं त्यांना फारसं काही झालं नाही. नुसती भाकरी आणि मिरची ज्यांच्या नशिबी होती, त्यांचं अंग काळवंडलं. दुष्काळ ऐकून माहीत असलेल्या मुलांना याहून जास्त सांगावं लागत नाही.

त्याच आठवड्यात दोघांनी घरून ज्वारीचं पीठ आणलं, पाण्यात कालवून गाळलं आणि बाययुरेट केली. रंग इतका फिका की नाहीच म्हणावा. “ज्वारीत प्रोटीन नाही” असा निष्कर्ष घेऊन आले, आणि नियमाप्रमाणे ‘रंग आला नाही’ असं प्रामाणिकपणे लिहून. मी एक गुण जास्त दिला आणि पीठ परत मागितलं. ज्वारीचं मुख्य प्रथिन पाण्यात उतरतच नाही. कोमट, पाणी मिसळलेल्या अल्कोहोलमध्ये पीठ भिजवलं, गाळलं, वॉटर बाथवर अल्कोहोल उडवलं, ज्योत बंद ठेवून. बशीच्या तळाशी पांढुरका चिकट थर राहिला. तो कॉस्टिकच्या पाण्यात विरघळवून मोरचुदाचा एक थेंब टाकला आणि जांभळा आला. ते दोघे मग दिवसभर ती ट्यूब स्टँडसकट वर्गावर्गांत दाखवत फिरले. अकरावीच्या पोरांनाही त्यांनी सोडलं नाही.

‘नो रिंग’ लिहिणाऱ्या त्या मुलीबद्दल अजून थोडं. तिचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जात, मार्चपर्यंत परत येत नसत. ती गावी आज्याजवळ राहून एसटीने कॉलेजला यायची. सुतळीवर अंगठे लटकले त्या दिवशी तास संपल्यावर ती थांबली. म्हणाली, “मॅडम, एक कागद देता का? आमच्या आज्याचा अंगठा रेशनच्या मशीनला लागत नाही. दर महिन्याला चार चार वेळेस घासून बघतेत. त्याचा येतो का बघायचं.”

मी कागद दिला, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून. मूठ मिटून पाच मिनिटं बसवायचं, सांगितलं. सोमवारी तिने पिशवी परत आणली. कागद कोरा. आम्ही दोघीच लॅबमध्ये, मामांनी पाणी उकळायला ठेवलेलं. फवारलं, वाळू दिलं, इस्त्री फिरवली. वरचा कागद तिनेच उचलला.

मध्यभागी रेषा नव्हत्या. सत्तर वर्षं विळा, कोयता, दोर धरलेल्या अंगठ्यावर रेषा राहिल्या नव्हत्या. होता तो एक सलग जांभळा डाग, आमच्या पोरांच्या ठशांइतकाच गडद. आणि डाव्या कडेला, जिथे अंगठा कशालाही घासत नाही, तिथे तीन-चार रेषा, बारीक आणि अगदी स्पष्ट.

तिने तिथेच जर्नल उघडलं. निरीक्षणाच्या रकान्यात लिहिलं, मराठीत: मधे रेषा नाहीत. कडेला चार रेषा. रंग जांभळा. मग अनुमानाच्या रकान्यापाशी थांबली, पेनचं टोपण दातांत धरून. तेवढ्यात पलीकडच्या वर्गाची घंटा झाली. तिने लिहिलं, “अमिनो आम्लं आहेत,” आणि जर्नल सहीसाठी माझ्यापुढे सरकवलं.